कपाटे तीच, दारे नवी : शहरी स्वयंपाकघराचा हिशेब

पेढीवर दहा हजारांची खरेदी करतानाही आपण भाव विचारतो, माल हाताळून पाहतो, उधारीची मुदत ठरवतो आणि मगच होकार देतो. घरात स्वयंपाकघराचे काम निघाले की मात्र हीच व्यापारी दृष्टी का कोण जाणे मावळते. दहा-बारा वर्षांपूर्वी केलेल्या कपाटांचा रंग उडालेला असतो, एखाद्या दाराची बिजागरी निखळलेली असते, सिंकखालच्या फळीला फुगवटा आलेला असतो. मग कोणीतरी म्हणते, ‘आता सगळेच काढून नवे करून टाकू.’ शोरूममधील झगमगाट पाहिला जातो, संगणकावरील रंगीत चित्र पसंत पडते आणि दोन-अडीच लाखांचा आकडा ‘एकदाच तर करायचे आहे’ या एका वाक्याने मंजूर होतो.

या निर्णयात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो : खराब नेमके काय झाले आहे? दार, की दारामागचे कपाट? बहुतेक घरांत डोळ्यांना खुपते ते दार, आणि पैसे मात्र मोजले जातात संपूर्ण कपाटाचे. कपाटांचा सांगाडा तसाच ठेवून केवळ दर्शनी भाग नवा करणे हा मार्ग आपल्याकडील सुतारांना नवा नाही. ‘शटर बदलणे’ किंवा ‘सनमायका बदलणे’ या नावाने तो परिचितच आहे. या मार्गाचा खरा खर्च किती, तो कोठे योग्य आणि कोठे अयोग्य, आणि श्रावकाच्या घरात हे काम करताना कोणता विवेक राखावा, याचा हा विचार.

आधी सांगाड्याची परीक्षा

कपाटाचे दोन भाग असतात. भिंतीला किंवा ओट्याखाली पक्की बसवलेली पेटी हा सांगाडा. आणि समोर दिसणारी दारे, खणांचे दर्शनी भाग, बाजूच्या उघड्या पट्ट्या हा चेहरा. चेहरा बदलण्याचा निर्णय सांगाड्याच्या प्रकृतीवर अवलंबून असतो. ही परीक्षा घरच्या घरी तासाभरात होते आणि ती दरपत्रक मागवण्यापूर्वीच करावी.

पहिली परीक्षा सिंकखाली. तेथील सामान काढून तळाची फळी अंगठ्याने दाबून पाहावी. ती दबत असेल, कडेला फुगली असेल किंवा कुबट वास येत असेल तर पाणी आत मुरले आहे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे पदार्थ एकदा पाण्याने फुगले की वाळल्यावरही मूळ आकाराला येत नाहीत. प्लायवूडचे पापुद्रे सुटू लागतात. दुसरी परीक्षा बिजागरीची. बिजागरीचा सांगाड्यातील स्क्रू काढून पुन्हा घट्ट करावा. तो शेवटी पकड घेत असेल तर लाकूड सशक्त आहे. नुसताच फिरत राहिला तर त्या जागेची पकड गेली आहे. एखाद-दुसऱ्या जागी असे झाले तर छिद्र लाकडी खुंटीने बुजवून किंवा बिजागरी थोडी वर-खाली सरकवून काम भागते. सर्वच जागी झाले तर पेटीच थकली आहे असे समजावे. तिसरी परीक्षा फळ्यांची. डाळी-तांदळाच्या डब्यांच्या भाराने मधली फळी वाकली आहे का, हे सरळ पट्टी ठेवून पाहावे. चौथी परीक्षा वाळवीची आणि भुंगेऱ्याची. फळीच्या कोपऱ्यात पिठासारखी भुकटी किंवा भिंतीवरून चढलेली मातीची बारीक नळी दिसली तर त्यावर नवे दार लावून ती झाकू नये.

पुण्या-मुंबईतील अनेक जुन्या इमारतींत ओट्याखालचे कप्पे लाकडाचे नसून कडप्पा दगडाचे असतात आणि त्यांना फक्त चौकट व दारे लावलेली असतात. अशा घरांत प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. दगडाला पाणी लागून कुजण्याचे भय नाही, वाळवीचे भय नाही. तो फोडून तेथे लाकडी पेट्या बसवणे म्हणजे टिकाऊ वस्तू देऊन अल्पायुषी वस्तू विकत घेणे होय.

तीन मार्ग, तीन हिशेब

आता आकडे मांडू. समजा, एका सदनिकेत इंग्रजी ‘एल’ आकाराचा ओटा आहे. ओट्याखालच्या दारांची एकूण लांबी १२ फूट आणि उंची सव्वादोन फूट, म्हणजे २७ चौरस फूट. भिंतीवरची कपाटे ९ फूट लांब व २ फूट उंच, म्हणजे १८ चौरस फूट. त्यावरचा माळा १२ फूट लांब व दीड फूट उंच, म्हणजे आणखी १८. धान्याचे उभे कपाट २ फूट रुंद व ७ फूट उंच, म्हणजे १४. बेरीज ७७ चौरस फूट. बाजूच्या उघड्या पट्ट्यांचे ८ धरले की ८५ चौरस फूट होतात. पुढील सर्व दर केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून करांसह धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या शहरात मिळालेले दर त्यांच्या जागी घालून हीच बेरीज करावी.

पहिला मार्ग : जुन्याच दारांवर नवे लॅमिनेट चिकटवणे. लॅमिनेटचा ताव ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फुटांचा येतो. कापण्यात वाया जाणारा पाचवा हिस्सा धरला तर १०२ चौरस फूट माल लागेल, म्हणजे ४ ताव. १,८०० रुपये दराने ७,२०० रुपये. चिकटवणी व कडेच्या पट्ट्या ३,५००. मजुरी चौरस फुटास ९० रुपये, म्हणजे ७,६५०. नव्या बिजागऱ्या ३६ नग, प्रत्येकी १५० रुपये, म्हणजे ५,४००. हँडल २० नग, प्रत्येकी १५०, म्हणजे ३,०००. सिंकखालच्या पेटीची दुरुस्ती ४,०००. एकूण ३०,७५० रुपये.

दुसरा मार्ग : सांगाडा तोच, दारे संपूर्ण नवी. पाण्याला टिकणाऱ्या १८ मिलिमीटर प्लायवूडची, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट व चारही कडांना पट्टी लावलेली दारे चौरस फुटास ६०० रुपये धरली तर ५१,००० रुपये. बिजागऱ्या ५,४००, हँडल ३,०००, जुनी दारे काढून नवी बसवण्याची मजुरी ८,०००, सिंकखालची दुरुस्ती ४,०००. एकूण ७१,४०० रुपये.

तिसरा मार्ग : सर्व काढून नवे. पेट्या व दारे मिळून ७७ चौरस फुटांस १,८०० रुपये दराने १,३८,६०० रुपये. तारेच्या ट्रॉल्या व सरकत्या पट्ट्या ४०,०००. नळकाम, वीजकाम आणि फुटलेल्या फरशांची दुरुस्ती ३०,०००. जुने काढून वाहून नेणे ६,०००. एकूण २,१४,६०० रुपये.

म्हणजे या उदाहरणात पहिल्या मार्गाचा खर्च तिसऱ्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतका, तर दुसऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याइतका आहे. परंतु व्यापारी केवळ खरेदी किंमत पाहत नाही. तो घसाराही पाहतो. जुन्या दारांवर चिकटवलेले लॅमिनेट पाच वर्षे चालले असे धरले तर वर्षाला ६,१५० रुपये पडतात. नवी दारे दहा वर्षे चालली तर ७,१४०. संपूर्ण नवे काम पंधरा वर्षे टिकले तरी वर्षाला सुमारे १४,३००. वार्षिक खर्चात पहिल्या दोन मार्गांतील अंतर किरकोळ आहे. म्हणून जुनी दारे वाकलेली किंवा कडेने फुगलेली असतील तर त्यांवर नवा थर चढवण्याचा मोह टाळावा. ती सरळ व कोरडी असतील तरच पहिला मार्ग खरा स्वस्त.

कोणत्याही दरपत्रकात न येणारा एक खर्च आणखी आहे. संपूर्ण काम काढले की स्वयंपाकघर दोन-तीन आठवडे बंद राहते. पाच माणसांच्या घरात दोन वेळा बाहेरून डबा मागवला आणि एका जेवणाचे १०० रुपये धरले तर दिवसाचे हजार, आणि वीस दिवसांचे वीस हजार होतात. शिवाय कंदमुळाचा त्याग, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आणि घरातील वृद्धांचे पथ्य हे सर्व बाहेरच्या डब्यावर सोपवावे लागते ते वेगळेच. नवी दारे मात्र कारखान्यात आधी तयार होऊन येतात. बसवण्याचे काम साधारण एक-दोन दिवसांत आटोपते.

सांगाडा अर्धवट खराब असेल तर काय? समजा, दहा पेट्यांपैकी पाच बदलाव्या लागल्या आणि प्रत्येकी ९,००० रुपये लागले, तर ४५,००० वाढून दुसरा मार्ग १,१६,४०० रुपयांवर जातो. हा आकडा संपूर्ण नव्या कामाच्या निम्म्याहून अधिक झाला. अशा वेळी जुन्याचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही. एक-दोन पेट्या खराब असतील तर तेवढ्याच बदलाव्यात. निम्म्या खराब असतील तर नव्या कामाचा विचार करावा.

दरपत्रकातील खाचाखोचा

एकच काम दोन कारागीर दोन रीतींनी मोजतात. एक दर्शनी चौरस फुटावर दर सांगतो, दुसरा ओट्याच्या लांबीच्या फुटावर. या दोन दरांची तुलना थेट करता येत नाही. दोघांनाही एकच लेखी माप द्यावे आणि एकूण रक्कम मागावी. माळा धरला आहे का, बाजूच्या पट्ट्या धरल्या आहेत का, बिजागऱ्या व हँडल यात आहेत की वेगळे, जुनी दारे कोण नेणार, याची उत्तरे कागदावर असावीत. दाराची आतली बाजू नुसतीच रंगवणार की तिलाही लॅमिनेट लावणार, हेही विचारावे. कारण एकाच बाजूला थर असलेले दार हवेतील ओलाव्याने वाकते.

मालाची प्रत लॅमिनेट चढवण्यापूर्वीच तपासावी. नंतर आतला माल दिसत नाही. मरीन प्रतीच्या प्लायवूडसाठी भारतीय मानक आयएस ७१०, सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडसाठी आयएस ३०३, एमडीएफसाठी आयएस १२४०६ आणि लॅमिनेटसाठी आयएस २०४६ असे क्रमांक आहेत. तावावरील शिक्का पाहावा, कापलेल्या कडेला पोकळी नाही ना ते पाहावे आणि एक तुकडा आपल्याजवळ ठेवावा. पुण्यात भवानी पेठेतील टिंबर मार्केटसारख्या बाजारात माल स्वतः घेऊन कारागिराला केवळ मजुरी देण्याची पद्धतही सोयीची आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे हार्डवेअर आणि प्लायवूडच्या व्यवसायातच आहेत. त्यांच्याकडून निदान सल्ला तरी घ्यावा.

येथे एका प्रलोभनाचा उल्लेख आवश्यक वाटतो. प्लायवूड, लॅमिनेट आणि बिजागऱ्या यांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. घरच्या कपाटांचे बिल दुकानाच्या नावाने घेतले की हा कर वळता करून घेता येईल, असा सल्ला देणारे कोणी ना कोणी भेटतेच. सन २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवर असे क्रेडिट घेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तिसरे अणुव्रत अचौर्याचे आहे. ज्या ओट्यावरून साधू-साध्वींना गोचरी वहोरावायची, त्या ओट्याखालच्या दारांचा पैसा तरी निर्मळ असावा.

साहित्यातील अदृश्य हिंसा

अन्नातील अभक्ष्याविषयी आपण जितके जागरूक असतो, तितके घराच्या साहित्याविषयी नसतो. पूर्वी सुतारकामात सर्रास वापरला जाणारा सरस हा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेला असे. आज फेव्हिकॉलसारख्या कृत्रिम चिकटवणीने त्याची जागा घेतली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु लाकडी व्हिनिअरवर चमक आणण्यासाठी लाखेचे पॉलिश अजूनही वापरले जाते. लाख हा झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या सूक्ष्म कीटकांचा स्राव आहे, आणि ती खरवडून काढताना त्या कीटकांचा घात होतो. आपल्या आगमपरंपरेत श्रावकाच्या सातव्या व्रतासंबंधी जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, स्वतंत्रपणे गणला आहे. जो व्यापार वर्ज्य, त्याचा माल घरात मिरवण्यात काय स्वारस्य? व्हिनिअरचा आग्रह असेल तर कृत्रिम राळेचे पॉलिश मागावे आणि ते दरपत्रकात लिहून घ्यावे. रंगकामाच्या काही ब्रशांत डुकराचे केस असतात. नायलॉनचा ब्रश किंवा फवारा वापरण्यास सांगावे.

त्याच कर्मादानांत वनकर्मही आहे. एक प्लायवूडचा ताव वाचवला म्हणजे जंगल वाचले असा आव आणण्याचे कारण नाही; पण शाबूत पेट्या फेकून त्याच मापाच्या नव्या पेट्या करणे हा निष्प्रयोजन आरंभ आहे, यात शंका नाही. गृहस्थाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही. अनावश्यक आरंभ मात्र टाळता येतो. या दृष्टीने सांगाडा राखून दारे बदलणे हा खर्चाइतकाच व्रताच्याही जवळचा मार्ग आहे.

आरोग्याचाही एक मुद्दा आहे. प्लायवूड व एमडीएफ बांधणाऱ्या राळेतून फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या वर्गात टाकले. म्हणून कमी उत्सर्जनाचा, म्हणजे ई-१ किंवा त्याहून चांगल्या ई-० वर्गाचा माल मागावा, कडा उघड्या ठेवू नयेत आणि काम झाल्यावर काही दिवस खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात. नवा बोर्ड जितका कमी, तितका हा वायूही कमी.

जीवोत्पत्तीच होऊ नये अशी रचना

श्राविकांना स्वयंपाकघरात सर्वांत अधिक मनस्ताप देणारा प्रश्न झुरळे आणि मुंग्यांचा. फवारणी करावी तर जिवांची हत्या. न करावी तर धान्यात, भांड्यांत त्यांचा वावर. या पेचातून सुटण्याचा मार्ग औषधात नसून रचनेत आहे. जेथे अंधार, ओल आणि अन्नकण एकत्र येतात तेथेच झुरळांची वस्ती होते. दारे उतरवलेली असतात तो दिवस ही तीन कारणे दूर करण्याची उत्तम संधी असतो, कारण एरवी न दिसणाऱ्या फटी त्या दिवशी उघड्या असतात.

पेटी आणि भिंत यांमधील फट, नळ भिंतीत शिरतो तेथील भोक, सिंकच्या पाइपाभोवतीची जागा हे सर्व सीलंटने बंद करावे. मात्र त्यापूर्वी आतील जागा मऊ कुंच्याने हलकेच झाडून, आत कोणी जीव अडकला नाही याची खात्री करावी. पेटीच्या ज्या कडा कापून उघड्या सोडल्या आहेत, त्यांवर पट्टी लावावी. ओट्याखालची तळपट्टी खिळ्यांनी न ठोकता काढता येईल अशी बसवावी, म्हणजे मागची जागा नित्य झाडता येते. सिंकखाली लाकडाचा आग्रह सोडून ॲल्युमिनियमची चौकट करावी आणि हवा खेळण्यासाठी दाराला जाळी ठेवावी. या सर्व गोष्टींना मिळून तीन-चार हजारांहून अधिक खर्च येऊ नये, आणि फवारणीची गरज पुढे बऱ्याच अंशी टळते.

दाराची निवडही याच दृष्टीने करावी. नक्षीदार खाचा असलेल्या दारांत पीठ आणि तेलकटपणा साठतो आणि त्यामागे मुंग्या येतात. सपाट पृष्ठभाग एका पुसण्यात स्वच्छ होतो. दाराच्या वरच्या कडेत कोरलेले खाचेचे हँडल दिसायला आकर्षक असले तरी कणिक त्यातच अडकते. बाहेर बसवलेले साधे हँडल बरे. फिकट, एकरंगी दारावर चालणारी मुंगी चटकन दिसते, आणि दिसली तर जयणा पाळता येते. गडद नक्षीत ती दिसतच नाही. हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या ही केवळ चैन नव्हे. दार जोरात आपटून फटीतील पाल किंवा कीटक चिरडला जाण्याचा धोका त्यांनी कमी होतो. खर्चाच्या यादीतून काही कमी करायचेच असेल तर चकाकी कमी करावी. या बिजागऱ्या नव्हे.

शेगडीजवळच्या आणि पिण्याचे पाणी उकळण्याच्या जागेवरच्या दारांना सतत वाफ व धग लागते. एमडीएफवर प्लास्टिकचा पातळ पडदा ताणून केलेली दारे अशा जागी कडेने सुटू लागतात. तेथे जाड लॅमिनेट अधिक टिकते. रंगाचा नमुना शोरूमच्या दिव्याखाली न ठरवता घरी आणून दिवसाच्या उजेडात पाहावा. आपले स्वयंपाकघर प्रामुख्याने दिवसाच चालते.

कामाची वेळ आणि कारागिराचा मान

चातुर्मासात हे काम काढू नये. आषाढ ते कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या काळात, विशेषतः पावसाच्या महिन्यांत, हवेतील ओलाव्याने लाकूड फुगते, चिकटवणी सावकाश वाळते आणि घेतलेले माप पुढे कोरड्या ऋतूत चुकते. याच काळात जीवोत्पत्ती अधिक, आणि घरात तपश्चर्या, पर्युषण, पारणी यांची वर्दळही अधिक. कार्तिक पौर्णिमेनंतरचे थंडीचे कोरडे महिने सर्वांत सोयीचे. चैत्रातील आयंबिल ओळी आणि घरात वर्षीतप असल्यास अक्षय तृतीयेचे पारणे, हे दिवस सोडून तारीख ठरवावी. घरचा मंडप सजवायचा म्हणून लग्नाच्या पंधरा दिवस आधी घाईने काम काढणाऱ्यांना दरही अधिक पडतो आणि कामही कच्चे मिळते.

पुण्या-मुंबईत हे काम करणारे अनेक कारागीर राजस्थानातील सुथार समाजाचे असतात. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांप्रमाणे तेही पोटासाठी गाव सोडून आलेले. पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत अतिभार लादणे आणि अन्नपाण्यात अंतराय आणणे यांचा समावेश आहे. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला वेळेवर पाणी आणि जेवणाची सुट्टी मिळते का, हे पाहणे त्या व्रताचाच भाग होय. भाव करावा, पण तो मालाचा करावा. मजुरी ठरल्यावर ती ठरल्या दिवशी द्यावी. काही रक्कम आगाऊ, माल घरी पोहोचल्यावर काही, काम पूर्ण झाल्यावर उरलेली, आणि दारे नीट बसण्याची खात्री म्हणून दहावा हिस्सा पंधरा दिवसांनी, अशी व्यवस्था दोघांनाही न्याय्य ठरते. पंधराव्या दिवशी मात्र तो हिस्सा मागण्याची वेळ कारागिरावर येऊ देऊ नये.

नवी दारे पुरेशी नसतात तेव्हा

काटकसरीचा आग्रह धरताना एक सावधगिरी हवी. दारे बदलल्याने रंग बदलतो, रचना बदलत नाही. ओटा बुटका असल्याने सुनेला दिवसाचे चार-पाच तास वाकून काम करावे लागत असेल, रोज लागणारे पिठाचे डबे माळ्यावर असल्याने सासूबाईंना स्टुलावर चढावे लागत असेल, सिंक आणि शेगडी यांत अंतरच नसल्याने हात भाजत असेल, तर अशा घरात दारे बदलून पैसे वाचवणे ही खोटी बचत होय. घरातील स्त्रीच्या पाठीची आणि गुडघ्यांची किंमत हिशेबात न धरणारा ताळेबंद अपुराच. अहिंसेचा आरंभ मुंगीपासून करावाच. पण तो घरातील माणसाला वगळून होत नाही.

म्हणून निर्णय बैठकीत बसणाऱ्यांनी घेऊ नये; ओट्याशी उभ्या राहणाऱ्यांनी घ्यावा. घरात सासू-सून दोघी स्वयंपाक करीत असतील तर दोघींनी मिळून आठवडाभर एक यादी करावी : काय गैरसोयीचे आहे आणि काय केवळ जुने दिसते. यादीतील बहुतेक तक्रारी दिसण्याच्या असतील तर नवी दारे पुरेत. त्या वाकण्या-चढण्याच्या असतील तर रचना बदलावी, आणि त्यासाठी लागणारा पैसा निःसंकोच खर्च करावा. मधला मार्गही असतो. ओट्याखालच्या फळ्या काढून त्याच पेट्यांत सरकते खण बसवले की वाकणे पुष्कळ कमी होते आणि सांगाडाही टिकतो.

रिकाम्या कपाटासमोर

दारे उतरवण्यापूर्वी कपाटे रिकामी करावी लागतात. त्या दिवशी बैठकीच्या खोलीत जो ढीग जमतो तो पाहण्यासारखा असतो. न वापरलेले डिनर सेट, लग्नांत आलेली भांडी, झाकणे हरवलेले डबे, तीन-तीन मिक्सरची भांडी. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केली नाही. आसक्तीवरून केली आहे. वर्षानुवर्षे हात न लावलेली आणि तरीही देववत नसलेली वस्तू हे त्या आसक्तीचे सर्वांत ठळक उदाहरण. ज्यांनी परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतले आहे त्यांच्यासाठी हा दिवस मोजणीचा आहे. ज्यांनी घेतलेले नाही त्यांच्यासाठी विचाराचा. चांगल्या अवस्थेतील भांडी गरजू साधर्मिक कुटुंबांना, पाठशाळेला किंवा भोजनशाळेला द्यावीत. ढीग निम्मा झाला तर कदाचित माळ्याची दारे नवी करण्याचीही गरज उरणार नाही, आणि वरच्या उदाहरणात १८ चौरस फुटांचे १०,८०० रुपये तेथेच वाचतील.

उतरवलेली जुनी दारे पाणी तापवण्याच्या बंबात मुळीच जाळू नयेत. लॅमिनेट आणि राळ यांचा धूर विषारी असतो, आणि फळ्यांच्या पोकळीत जीव असण्याची शक्यताही असते. शाबूत दारांच्या गोदामात फळ्या होतात, दुकानात खोक्यांखाली पाट होतात. ती मागणाऱ्याला द्यावीत.

शेवटी हिशेब इतकाच उरतो. सांगाडा सशक्त आणि रचना सोयीची असेल तर दारे बदलावीत. सांगाडा कुजला असेल किंवा रचना त्रासाची असेल तर नवे करावे. आणि केवळ शेजाऱ्याकडे नवे झाले हे कारण असेल तर काहीच करू नये. तिसऱ्या हिश्श्यात काम होऊन जे वाचेल, त्याचा एक वाटा साधर्मिक भक्तीसाठी काढून ठेवावा. त्या वाट्यातून एखाद्या घरात धान्याचे नवे कपाट नव्हे, धान्यच जाईल.